गाण्याला पुरस्कार म्हणजे नक्की कोणाला? (सोसायटीच्या प्रश्नमंजूषेत उठलेलं भांडण)

फडकेरोडवाला

मंडळी, मदत पाहिजे, आणि अनंत चतुर्दशीच्या आत पाहिजे, कारण बक्षीस समारंभ आदल्या दिवशी आहे.

आमच्या सोसायटीत गणपतीनिमित्त प्रश्नमंजूषा झाली. परीक्षक मी. (दरवर्षी जे करतात ते यंदा नेमके गावाला गेले. का गेले ते आता कळलं.) प्रश्न होता, ऑस्कर मिळवणारं पहिलं भारतीय गाणं कोणतं? माझ्या कागदावर उत्तर 'नाटू नाटू'. बी विंगने 'जय हो' सांगितलं, मी चूक दिली, आणि आरती पंचवीस मिनिटं लांबली. तबक हातात घेऊन उभे असलेले गुरुजीसुद्धा शेवटी बी विंगच्या बाजूने बोलायला लागले.

त्यात सी विंगच्या एक काकू म्हणाल्या की ऑस्कर सुखविंदरला मिळालं, त्यांनी पेपरात वाचलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, मग लताबाईंना का नाही मिळालं? कोणीतरी म्हणालं, तिकडे गायकाला देतच नाहीत. यावर आजोबा म्हणाले, "गायकाला नाही तर मग गाण्याला कसं?" आणि खरं सांगतो, मला याचं उत्तर देता आलं नाही.

तर पुरस्कार गाण्याला म्हणजे नक्की कोणाच्या हातात देतात? कधीपासून? आणि त्या पुरस्काराच्या नावात 'बेस्ट ओरिजिनल साँग' असं असतं, त्यातल्या 'ओरिजिनल'चा अर्थ काय? बक्षीस प्रेशर कुकर आहे, तेव्हा प्रकरण गंभीर आहे.

चहाटळ

दोन्ही संघांना अर्धा अर्धा कुकर. झाकण बी विंगला, शिटी परीक्षकाला.

सनीवेल काकू

मी २००९चा तो सोहळा इथे टीव्हीवर पाहिलाय, सोमवारच्या डब्याच्या पोळ्या लाटता लाटता, त्यामुळे तेवढं सांगते.

त्या वर्षी नामांकनात नेहमीसारखी पाच गाणी नव्हती, तीनच होती, आणि त्यातली दोन रहमानची. 'जय हो' आणि 'ओ साया'. तिसरं पीटर गेब्रियलचं, 'वॉल-ई'मधलं. आयोजकांनी त्याला गाण्यांच्या मेडलीत जेमतेम मिनिटभर दिलं म्हणून तो मंचावर गायलाच नाही, त्याच्या जागी जॉन लेजंडने म्हटलं. 'जय हो'चं ऑस्कर दोघांना मिळालं, संगीतकार रहमान आणि गीतकार गुलजार. गुलजार आलेच नव्हते. सुखविंदर, महालक्ष्मी अय्यर, विजय प्रकाश, तन्वी शाह हे सगळे गायले, पण ऑस्करची बाहुली कोणालाच नाही. काकूंना सांगा, पेपरात फोटो असेल, पुरस्कार नाही.

मजा म्हणजे त्यातल्या स्पॅनिश ओळी तन्वी शाहच्या. पुढच्या वर्षी त्याच गाण्याला ग्रॅमी मिळालं तेव्हा रहमान, गुलजार यांच्याबरोबर तिचंही नाव होतं, लिहिणारी म्हणून.

आता तुमचं भांडण. 'स्लमडॉग मिलियनेअर' हा ब्रिटिश चित्रपट. गाणं हिंदी, करणारे भारतीय, नाच आपल्या सीएसटीच्या फलाटावर, पण चित्रपट भारतीय नाही. 'नाटू नाटू' हे भारतीय चित्रपटातलं पहिलं, २०२३ साली, कीरवाणी आणि चंद्रबोस यांना. तेव्हा 'भारतीय गाणं' असा प्रश्न विचारलात तर बी विंगही बरोबर आहे. चूक परीक्षकाची. रागावू नका हं.

भाता

नमस्कार. मिरजेहून लिहितोय. नातवाने टायपिंग शिकवलंय, चुका पोटात घाला.

मी १९७४ ते १९९१ ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवला. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, पलीकडे बेळगाव, हुबळीपर्यंत. गणपती आणि उरूस हे आमचे सुगीचे दिवस. आजोबांचा प्रश्न वाचला आणि माळ्यावरून वह्या खाली काढल्या, कारण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच वह्यांत आहे आणि ते मला फारसं शोभणारं नाही.

नोटेशनच्या सात वह्या आहेत. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या. पट्टी, ताल आणि संगीतकार. म्हणजे 'काळी चार, केरवा, शंजै'. शंजै म्हणजे शंकर-जयकिशन. माइकवर आमचा निवेदक मात्र म्हणायचा, "आता ऐकू या लतादीदींचं..." प्रेक्षकांतून चिठ्ठी यायची ती 'राजेश खन्नाचं ते गाणं म्हणा' अशी. एकाच गाण्याचे तीन मालक, आणि तिघांत ते लिहिणारा नाही. सातही वह्या परवा चाळल्या. गीतकाराचं नाव एकाही पानावर नाही. सतरा वर्षांत माझ्या हाताला ते लिहावंसं वाटलं नाही.

आता फिल्मफेअर. हे पुरस्कार आणि मी एकाच सालचे, १९५४. तेव्हा नाव होतं 'क्लेअर पुरस्कार', टाइम्सच्या समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्यावरून. मोजून पाच पुरस्कार. चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीतकार. संगीतकाराचा नौशादना मिळाला, 'बैजू बावरा'साठी, आणि तोही अख्ख्या चित्रपटाला नव्हे, 'तू गंगा की मौज' या एका गाण्याला. दुसऱ्या वर्षी सचिनदांना (एस. डी. बर्मन), 'टॅक्सी ड्रायव्हर'मधल्या 'जायें तो जायें कहाँ'साठी. पुढे तो संपूर्ण चित्रपटाच्या संगीताला द्यायला लागले. म्हणजे बघा, सुरुवातीला आपल्याकडेही 'गाण्यालाच' पुरस्कार होता. पण शब्द शकीलचे, गळा रफीचा, आणि बाहुली एकट्या नौशादच्या हातात. 'जायें तो जायें'चे शब्द लिहिणाऱ्या साहिरचंही तेच झालं.

पुढचा भाग बहुतेकांना माहीत असेल, तरी सांगतो, कारण तो मला फार आवडतो. १९५७ला शंकर-जयकिशनना 'चोरी चोरी'साठी फिल्मफेअर मिळालं. जयकिशन लताबाईंकडे गेले, समारंभात 'रसिक बलमा' म्हणा म्हणून. बाई नाही म्हणाल्या. पुरस्कार तुम्हाला मिळालाय, गायकांना तुम्ही लोक देत नाही, गीतकारांना देत नाही, मग गायकाशिवाय आणि शब्दांशिवाय नुसती धून वाजवा की. अशा अर्थाचं त्या बोलल्या, आणि गायल्या नाहीतच. लक्षात घ्या, भांडताना त्यांनी शैलेंद्र-हसरत या गीतकारांनाही बरोबर घेतलं. एरवी आपण सांगताना एवढंच सांगतो की लताबाईंनी गायकांसाठी पुरस्कार मिळवला.

१९५९ला दोन्ही सुरू झाले. गायनाचा पहिला लताबाईंना, 'आजा रे परदेसी'. गीताचा पहिला शैलेंद्रना, 'यहूदी'मधल्या 'ये मेरा दीवानापन है'साठी. पण गायनाचा एकच. पुरुष-बाई असा भेद नाही. १९६७पर्यंत लता, मुकेश, रफी, महेंद्र कपूर सगळे एका रांगेत. आशाबाईंना पहिला मिळाला तो दोन वेगळे केल्यावर, १९६८ला.

लताबाईंना एवढा राग का आला असेल ते समजायला आणखी थोडं मागे जावं लागतं. 'महल' १९४९चा. 'आयेगा आनेवाला'ची पहिली तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव 'कामिनी' होतं. कामिनी म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव! जिने गाणं म्हटलं तिचं नाव नाही, जी नव्हतीच तिचं होतं. लोक रेडिओला पत्रं लिहून विचारायचे की ही बाई कोण.

आणि आमच्या कोल्हापूरकडचा एक किस्सा उलट्या टोकाचा आहे. भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं', १९६५. संगीत 'आनंदघन'. राज्य पुरस्कारात उत्कृष्ट संगीताचा पुरस्कार आनंदघनला जाहीर झाला आणि कोणी उठेचना. शेवटी मंचावरूनच सांगावं लागलं की आनंदघन म्हणजे इथे बसलेल्या लता मंगेशकर. गायनाच्या श्रेयासाठी हट्ट धरणारी बाई संगीताच्या श्रेयाला मात्र जागेवरून उठली नव्हती. मला हे दोन प्रसंग एकत्र आठवले की हसू येतं. का ते नीट सांगता येणार नाही.

मांडवीतीर

गोव्याची एक भर घालतो. आमच्या कोंकणी 'अंतर्नाद'साठी २००६च्या राष्ट्रीय पुरस्कारांत अशोक पत्कींना संगीताचा आणि आरती अंकलीकर-टिकेकर यांना गायनाचा पुरस्कार मिळाला. करणारे दोघे मराठी, चित्रपट कोंकणी. फडकेरोडवाल्यांच्या निकषाने हा पुरस्कार कोणत्या विंगला?

शंकासुर

भाताकाका, किस्से छान. पण धाग्यात 'ओरिजिनल' असा शब्द आहे आणि त्याला तुम्ही हात लावला नाहीत. 'जायें तो जायें कहाँ'ची चाल रवींद्रनाथांच्या 'हे क्षणिकेर अतिथी'वरून घेतलेली आहे. म्हणजे फिल्मफेअरने ज्या गाण्याला दुसऱ्याच वर्षी पुरस्कार दिला ते ऑस्करच्या दारात तरी उभं राहिलं असतं का?

आणखी एक. १९७५ला आशाबाईंना 'चैन से हमको कभी'साठी फिल्मफेअर मिळालं. ते गाणं चित्रपटात नाहीच, काढून टाकलेलं. फक्त तबकडीवर. चित्रपटगीताचा पुरस्कार चित्रपटात नसलेल्या गाण्याला! माझा आक्षेप गाण्यावर नाही, गाणं अफाट आहे. आक्षेप पुरस्कारावर आहे.

भाता

शंकासुर, नाव सार्थ केलंत. दोन्ही मुद्दे मान्य. ऑस्करच्या नियमात दोन्ही गाणी बसली नसती.

आता तुम्ही म्हणाल, मिरजेच्या म्हाताऱ्याला हॉलीवूडचं काय कळतं. १९७६ला मी मुंबईला धोबीतलावाच्या बाजूला अकॉर्डियनचा पट्टा घ्यायला गेलो होतो. तिथे एका दुकानात जुनं, वाळवी लागलेलं वाजवायचं पुस्तक मिळालं, इंग्रजी गाण्यांचं. आठ रुपये. भाव केला असता तर सहाला आलं असतं. त्यात प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर डावीकडे शब्द कोणाचे ते, उजवीकडे संगीत कोणाचं ते. गायकाचं नाव आत कुठेच नाही. माझ्या वहीच्या बरोबर उलटं. तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं. पण ऑस्करचं कोडं तिथेच सुटतं असं मला वाटतं.

तिकडे गाणं आधी कागदावर विकलं जायचं. घरोघरी पियानो, लोक छापील गाणं विकत आणायचे आणि पोरीबाळी ते वाजवायच्या. गायक कोणीही असो, माल लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा. आपल्याकडे चित्रपटाचं गाणं घरात आलं ते तबकडीवरून आणि रेडिओवरून, म्हणजे गळ्यातून. म्हणून त्यांनी गायकाला वगळलं आणि आपण गीतकाराला. हे माझं मत आहे, कोणाचं वेगळं असेल तर सांगा.

ऑस्करमध्ये गाण्याचा पुरस्कार सुरू झाला तो १९३४च्या चित्रपटांपासून. त्याआधीची सहा वर्षं संगीताला पुरस्कारच नव्हता, बोलपट येऊन इतकी वर्षं झाली तरी. पहिल्या खेपेला तीनच गाणी होती आणि जिंकलं 'द कॉन्टिनेन्टल', 'द गे डिव्होर्सी'मधलं. संगीत कॉन कॉनरॅड, शब्द हर्ब मॅगिडसन. माझ्या आठ रुपयांच्या पुस्तकात आहे ते. पडद्यावर फ्रेड अस्टेर, जिंजर रॉजर्स आणि बाकीच्यांचं त्या एका गाण्यावरचं गाणं-नाचणं पंधरा मिनिटांहून जास्त चालतं. आमच्या ऑर्केस्ट्रात एवढं लांबवलं असतं तर लोकांनी खुर्च्या मारल्या असत्या.

आता 'ओरिजिनल'. हा शब्द भांडणातून घट्ट झाला, आणि गंमत अशी की भांडण हरलेल्याने नाही, जिंकलेल्याने काढलं. १९४०च्या जूनमध्ये पॅरिस जर्मनांच्या हातात गेलं. त्या दुःखात ऑस्कर हॅमरस्टाइनने 'द लास्ट टाइम आय सॉ पॅरिस'चे शब्द लिहिले, जेरोम कर्नने चाल लावली. चित्रपटाचा काही संबंध नव्हता. गाणं आधीच लोकांच्या तोंडी झालं होतं, मग १९४१च्या 'लेडी बी गुड'मध्ये ते घातलं आणि त्याला ऑस्कर मिळालं. समोर हॅरल्ड आर्लेन आणि जॉनी मर्सरचं 'ब्लूज इन द नाइट' होतं, खास चित्रपटासाठी केलेलं. कर्नला स्वतःलाच ते पटलं नाही. आपलं गाणं चित्रपटासाठी केलेलं नव्हतं, पुरस्कार आर्लेनचा होता, असं तो म्हणाला आणि नियम बदलायच्या मागे लागला. तेव्हापासून गाणं त्याच चित्रपटासाठी लिहिलेलं हवं, शब्द आणि चाल दोन्ही नवे हवेत.

जिंकल्यावर नियम बदला म्हणणारा माणूस मी तरी आमच्या भजन स्पर्धेत पाहिलेला नाही. इथे तिसरा नंबर आलेला पहिल्याच्या पेटीवाल्याचं वय काढतो.

त्याच्या पुढच्याच वर्षी आणखी एक मजा झाली. गाण्याचा पुरस्कार द्यायला अर्व्हिंग बर्लिनला बोलावलं होतं. त्याने पाकीट फोडलं तर आत त्याचंच नाव, 'व्हाइट ख्रिसमस'साठी. स्वतःच स्वतःला दिला. शब्दही त्याचे, चालही त्याचीच, म्हणजे वाटेकरीसुद्धा कोणी नाही.

आणि आकड्यांची शिस्त तिथेही नव्हती. १९४५च्या चित्रपटांसाठी चौदा गाणी नामांकनात होती! पुढच्या वर्षीपासून पाचावर आणली. काकूंनी २००९ची तीन सांगितली, तर २०१२च्या सोहळ्यात दोनच होती. दोनात एक हरणार, एक जिंकणार, कुस्तीच ती.

सनीवेल काकू

काका, नियमाचं थोडं पुढचं मी सांगते. अर्धं गाणं उसनं असेल तरी बाद. 'गँगस्टाज पॅराडाइज' १९९५ला घरोघरी वाजत होतं, पण ते स्टीव्ही वंडरच्या जुन्या गाण्यावर उभं होतं म्हणून स्पर्धेत घेतलंच नाही. मग लोकांनी पळवाट काढली. गाजलेल्या संगीत नाटकावर चित्रपट काढायचा तर त्यातली जुनी गाणी चालणार नाहीत, म्हणून एखादं नवं लिहून घालायचं. 'एविटा'चं तसंच झालं. नाटक जुनं, पण 'यू मस्ट लव्ह मी' चित्रपटासाठी नवं केलं आणि १९९७ला ऑस्कर त्यालाच.

आणि शंकासुर, चित्रपटात नसलेलं गाणं तर नाहीच चालत. चित्रपटात शब्द आणि चाल दोन्ही नीट ऐकू यायला हवेत, किंवा मग शेवटच्या श्रेयनामावलीत सगळ्यात पहिलं वाजलेलं हवं. 'जय हो' शेवटीच येतं ना! थोडक्यात आत बसलं.

शंकासुर

मग माझा मुद्दा सिद्ध झाला. आपल्या पुरस्कारांना नियम नाहीत, नुसत्या भावना आहेत.

भाता

नाही, इतकं सोपं नाही. 'इजाज़त'मधलं 'मेरा कुछ सामान' घ्या. राष्ट्रीय पुरस्कारात गुलजारना गीताचा, आशाबाईंना गायनाचा. संगीतकार पंचमदांना (आर. डी. बर्मन) काही नाही. त्या मुक्तछंदाला चाल लावणं म्हणजे काय ते वाजवणाऱ्याला विचारा. मी १९८८ला सांगलीत ते वाजवायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या कडव्यात हरवलो. तीस वर्षांपूर्वी बाहुली एकट्या संगीतकाराला मिळायची, इथे बाकी दोघांना मिळाली आणि तोच बाहेर. नियम होते हो. पण एका गाण्याचे तीन तुकडे करून तीन टेबलांवर ठेवले की असं होणारच. 'हे गाणं' म्हणून आख्खं कोणी उचलत नाही. ऑस्करवाले आख्खं उचलतात, पण उचलताना गळा खाली ठेवून.

'नाटू नाटू'चंच बघा. ऑस्करच्या मंचावर राहुल सिप्लीगंज आणि कालभैरव जीव तोडून गायले, नाच झाला, थिएटर उभं राहिलं, आणि बाहुल्या घ्यायला वर गेले ते कीरवाणी आणि चंद्रबोस. आपल्याकडच्या लोकांना त्या रात्री पहिल्यांदा चंद्रबोस हे नाव कळलं. मलाही. त्यांनी सांगितलंय की गाण्याचा नव्वद टक्के भाग अर्ध्या दिवसात झाला आणि उरलेल्या दहा टक्क्यांना एकोणीस महिने लागले. नौशादच्या वेळी शकीलला असं काही सांगायला कोणी उभंच केलं नाही.

आमच्या वडिलांचं भजनी मंडळ होतं. त्यांना हा प्रश्न पडलाच नसता. अभंगात शेवटी 'तुका म्हणे' येतं, 'नामा म्हणे' येतं. गाणारा कोणी असो, चाल कोणाची असो, लिहिणाऱ्याचं नाव गाणाऱ्याच्याच तोंडून वदवून घ्यायची सोय त्या लोकांनी करून ठेवली होती. शैलेंद्रला तीन मिनिटांत ती जागा कुठली मिळायला. त्याचं तिसरं फिल्मफेअर, 'ब्रह्मचारी'चं, आलं तेव्हा तो जाऊन दोन वर्षं झाली होती.

फडकेरोडवाला

सगळ्यांचे आभार. काल कार्यकारिणीसमोर हा धागा मोबाइलवर वाचून दाखवला. निर्णय असा की प्रश्न मोघम होता, दोन्ही संघ बरोबर, आणि दुसरा कुकर परीक्षकाने स्वखर्चाने आणावा. तीन लिटरचा चालेल असं म्हणालेत.

तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा 'कामिनी'पाशी थांबले. म्हणाले, आमच्या घरी होती ती तबकडी, नाव वाचून आई म्हणायची की ही कामिनी फार छान गाते.

भाता

आजोबांना नमस्कार सांगा.

मी इकडे वह्यांवर गीतकारांची नावं लिहायला घेतलीत, लाल शाईने. पहिल्या वहीतली अठ्ठावन्न झाली. मजरूह इतकी निघाली की शेवटी नुसतं 'म' लिहायला लागलो. नातू नेटवर शोधून देतो, मी लिहितो. दुसऱ्या वहीत एका पानावर चहा सांडलेला आहे, मुखडाच पुसलाय. खाली फक्त 'काळी दोन, दादरा' आणि पहिल्या ओळीचे सूर राहिलेत. ग म प, प ध प म ग, रे ग सा. बाईचं गाणं असावं, कारण कडेला आमच्या गायिकेचं नाव पेन्सिलीने लिहिलंय. कोणाला ओळखू येतंय का?

चहाटळ

काका, यावरून निम्मी हिंदी गाणी निघतील. चहा कोणी सांडला ते आठवतंय का? तिथून सुरुवात करू.